रस्ता बंद, बोलणी सुरू

लेकीसाठी सांदणांचा डबा घेऊन आम्ही मस्कतजवळच्या सीबहून निघालो, तर अल् खुवैरला पोलिसांनी रस्ता अडवलेला. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांची माणसं इराणशी बोलायला मस्कतला आली होती.

"यांनीच अणुकरार मोडायचा, यांनीच जोडायला यायचं, आणि उन्हात शिजायचं आपण!" माझी बायको सुरैया करवादली.

मी म्हटलं, "अगं, आपल्या पोराचं, झैनचं जहाज आज होर्मुझच्या सामुद्रधुनीतून जातंय. ते बोलत बसलेत, तोवर गोळी कुणी झाडणार नाही."

मग डबा उघडून तिने माझ्या हातावर गरम सांदण ठेवलं. दोघांनी मजेत अर्धा डबा संपवला.

तेवढ्यात रस्ता सुटला. सुरैया म्हणाली, "इतक्यात उठले? अजून जरा बोलायचं होतं त्यांनी!"