रिकाम्या ताटलीतलं जेवण

मित्रांनो, मी एक जुनी ताटली आहे, आणि एवढ्या आयुष्यात माझ्यात फक्त एकदाच कुणी खरंखुरं जेवलं आहे.

मी मातीची लेक. भट्टीत न्हाले, पांढरीशुभ्र झाले, आणि दुकानात पोचता पोचता कडेचा टवका उडाला. अशा ताटलीला कोण घरी नेणार? डॉक्टरबाईंनी नेलं, आणि दवाखान्यात आपल्या टेबलावर मानानं ठेवलं.

"काय काय खाता?" विचारलं की माणसं म्हणतात, "सगळं खातो की!" म्हणून बाई मला रिकामीच पुढे सरकवतात. "काल रात्री जेवलात ना, तसंच जेवून दाखवा." मग माझ्यात नुसतेच हात फिरू लागतात. कुणाचा हात पुन्हा पुन्हा मिठाकडे जातो, कुणी चार घासांत उठतं. बाई गालाला हात लावून बघत राहतात, लेकराला जेवताना आई बघते तशा. कंपाउंडरकाका म्हणतात, "आमच्याकडे जेवण फुकट. फक्त दिसत नाही!"

एकदा एक आजोबा आले. सदरा खांद्यावरून ओघळत होता. सोबत सून, डोळे भरलेले. "बाई, ह्यांचं वजन उतरतच चाललंय. नणंद म्हणते, मी उपाशी ठेवते. मोठा आजार तर नसेल ना?"

"पोटभर जेवतो मी," आजोबा म्हणाले. "सूनबाईच्या हाताला चव आहे."

बाईंनी मला पुढे केलं. आजोबांची बोटं फिरली. मऊ तेवढं कालवलं, तोंडाशी नेलं; बाकीचं हळूच कडेला सारलं, थेट माझ्या टवक्यापर्यंत. जबडा मात्र एकदाही हलला नाही.

"आजोबा, कवळी कुठंय?"

आजोबांचा हात खिशावर गेला. "टोचते हो. पण लेकीनं केवढ्या हौसेनं करून आणली! तिला कसं सांगू?"

"अहो बाबा!" सून रडता रडता हसली. "तुम्ही घास खाल्ला नाहीत, आणि बोलणी मी खाल्ली!"

बाईंनी रक्तही तपासून घेतलं. त्यात काही निघालं नाही. दातांच्या डॉक्टरांनी कवळी घासून दिली. पुढच्या खेपेला आजोबा आले ते गाल भरून. पिशवीतून सफरचंद काढून माझ्यात फोडी केल्या. "आज खरं जेवून दाखवतो." कुर्रम! सून ऐकतच राहिली. माझ्या अंगावर पहिल्यांदा रस ओघळला.

मित्रांनो, घरात कुणी "जेवलो" म्हणालं, तर तेवढ्यावर उठू नका. जरा त्याच्या ताटाशी बसा. कडेला काय सारून ठेवलंय, ते मायेनं बघा.