कोरी जर्सी

नॉर्बर्टने जर्सी उलटी करून आधी आतला चकाकता स्टिकर शोधला. मग चष्मा कपाळावर सारून तो त्यावरचा नंबर मोबाइलमध्ये टिपू लागला. अंगणातल्या टेबलाच्या पलीकडे वेंडेलचा घास तोंडातच राहिला.

नॉर्बर्ट त्याचा साडू. त्याच्या बैठकीत बेसबॉलच्या सामन्यांतल्या बॅटी, चेंडू, जर्सी काचेमागे मांडलेल्या होत्या आणि प्रत्येक वस्तूवर अस्सलपणाची खूण म्हणून असा स्टिकर होता. वेंडेलची बायको आर्लीन दर रविवारी त्या काचेसमोर उभी राहायची. संघात कॅचर म्हणून खेळणाऱ्या केसलरच्या मळक्या जर्सीपुढे जरा जास्तच. परतताना गाडीत तिला तोच विषय असायचा, आणि वेंडेल रस्त्याकडे बघत राहायचा. आपल्या घरातल्या कुठल्या वस्तूपुढे ती कधी अशी थांबली होती, हे त्याला आठवत नसे.

म्हणून यंदा लग्नाच्या वाढदिवसाला त्याने केसलरचीच जर्सी आणली. दुकानात दोन होत्या. एकीवर मैदानातल्या लाल मातीचे डाग, दुसरी कोरी. वेंडेलचा जन्म बुटांच्या दुकानात गेलेला. कुणी घालून परत केलेला जोड तो मागच्या फळीवर टाकायचा. दुसऱ्याच्या घामाची वस्तू बायकोला कशी द्यायची? त्याने कोरी घेतली.

"टीम इश्यूड," नॉर्बर्टने वाचलं. "म्हणजे संघाने केसलरसाठी करून घेतली, एवढंच. सामन्यात त्याने घातलेलीच नाही ही. गेम यूज्ड लिहिलेलं बघून घ्यायचं असतं, वेंडेल. मला विचारायचंस तरी."

"तुलाच तर विचारायचं नव्हतं."

नॉर्बर्ट हसला. वेंडेलचे कान तापले. रेडिओवर सामना चालू होता आणि आज केसलर खेळत नव्हता; निदान त्याचं नाव कानावर पडत नव्हतं, तेवढंच बरं वाटत होतं.

आर्लीनने जर्सी हातात घेतली. "म्हणजे ही कुणीच घातलेली नाही?"

"कुणीच नाही," नॉर्बर्ट म्हणाला.

तिने ती फ्रॉकवरूनच अंगात चढवली. बाह्या कोपराखाली लोंबल्या. नॉर्बर्ट खुर्चीतून अर्धा उठला. "अगं, काढ ती. एक डाग पडला की मातीमोल होईल."

"पडू दे की. माझी आहे."

ती तशीच शेगडीपाशी गेली, सॉसेज उलटली, बोटं जर्सीलाच पुसली. वाफेत तिचा चेहरा लाल झाला होता. वेंडेलने सवयीने नॉर्बर्टकडे पाहिलं. नॉर्बर्टची बायको डॉरिस गेल्या हिवाळ्यात वारली होती. त्या काचेला त्याने तिलाही कधी हात लावू दिला नव्हता. आता तो आर्लीनकडे बघत होता, आणि ती नजर वेंडेलच्या चांगलीच ओळखीची होती; दर रविवारी त्या काचेपुढे त्याची स्वतःची तशीच व्हायची.

काहीतरी लागट बोलायची हीच वेळ होती. वेंडेलने मोहरीची बाटली साडूच्या ताटाशी सरकवली आणि रेडिओचा आवाज थोडा वाढवला.