ग्रहणात बांधलेल्या जुड्या

डिंगोऱ्यात मारुतीच्या पारापुढं पाय ठेवायला जागा नव्हती. गोकुळमहाराज नावाच्या बुवानं दोन वर्षांच्या शौर्यच्या जिभेखाली अंगठा खुपसला आणि हातभर काळा दोरा ओढून काढला. बायांनी हात जोडले. पोर किंचाळत होतं, त्याच्या हनुवटीवर रक्त ओघळलं होतं.

"पोटुशी आसून हिनं ग्रहणात कोथिंबिरीच्या जुड्या बांधल्या!" बुवा गरजला. "जुडी बांधली, जीभ बांधली! आईची जीभ बंद ऱ्हाईल, तवाच लेकराची सुटंल."

शौर्यची आई आरती मान खाली घालून बसली होती. बुवाच्या याच हुकमामुळं दहा महिने ती एक शब्द बोलली नव्हती. दर अमावस्येला बुवा दोरा काढी आणि पुढच्या अमावस्येला नवा निघे. पोराच्या तोंडात जणू दोऱ्याचं दुकानच होतं! सासू कुशाबाईंचा पहारा असा, की आरती झोपेत कण्हली तरी चिमटा बसे.

मी इथला शाळामास्तर. मला राहवेना, म्हणून शिबिराला आलेल्या डॉक्टर कल्याणीताईंना घेऊन आलो होतो.

"महाराज, आधी नख कापा, मग दोरा काढा," म्हणत मी त्याचा अंगठाच धरला. वाढवलेल्या नखाखाली मेणात चिकटवलेली दोऱ्याची दुसरी गुंडाळी तयार होती.

लोक बुवावर चिडले. कुशाबाई मात्र हटेनात. "दोरा खोटा आसंल, पण गिऱ्हान तर खरं व्हतं?"

"तेव्हा कितवा महिना होता?" डॉक्टरांनी विचारलं.

"आठवा."

"आजी, जिभेचे स्नायू दुसऱ्या महिन्यातच बनायला लागतात. त्यांच्या पेशी मानेच्या मागून निघतात, गळ्याखालून सरकत तोंडात येतात, नसही सोबत आणतात. आठव्या महिन्यात बाळ पोटात गिळत असतं. जीभ केव्हाच तयार होती."

मग त्यांनी शौर्यच्या पाठीमागं स्टीलचं ताट आपटलं. आम्ही सगळे दचकलो. पोराची पापणीही हलली नाही.

"जीभ धड आहे. याला ऐकू येत नसावं. उद्याच कान तपासू. वर्षापूर्वी आणायला हवं होतं."

लोकांनी बुवाला पोलिसांच्या हवाली केलं; सध्या तो त्यांना चमत्कार दाखवतोय.

"बोल गं आता," कुशाबाई पुटपुटल्या.

"शौर्य," आरतीनं हाक मारली. आवाज फाटका निघाला. पोर पाठमोरं बसून त्या दोऱ्याशी खेळत होतं. तिनं पुन्हा हाक मारली, मग ओरडली. ते वळलं नाही.

मूल बोलत नसेल तर आधी त्याचे कान तपासा. आईचं तोंड बंद करू नका.