शिव्या खाणारी कंपनी

ठरावकाकांचं खरं नाव दारावरच्या पाटीवर होतं, पण ती पाटी वाचायची वेळ कधी कुणावर आली नव्हती. सोसायटीच्या दर मीटिंगला "मी असा ठराव मांडतो की" म्हणत उभा राहणारा माणूस एकच. घरात भाजी अळणी झाली तरी काकू आधीच सांगायच्या, "ठराव मांडू नका, मीठ घ्या."

त्यामुळे देखभालीच्या कंपनीला हाकलून सगळा कारभार आपण आपल्या हातात घ्यायचा हा ठराव जेव्हा टाळ्यांच्या कडकडाटात पास झाला, तेव्हा काकांची छाती शर्टात मावेना. त्या कंपनीचा मॅनेजर, ज्याला सगळे टायवाला म्हणत, दिवसभर ऑफिसात बसून एकच वाक्य बोलायचा. लिफ्ट अडकली? नोंद घेतलीये. जिन्यात काळोख? नोंद घेतलीये. काकांनी एकदा चिडून "तुमचं डोकं ठिकाणावर आहे का?" विचारलं, तर त्याचीही नोंद घेतली होती.

जायच्या दिवशी टायवाल्याने स्टेपलर आणि चहाचा मग पिशवीत टाकला, गेटपाशी टाय सोडून खिशात कोंबला आणि काकांकडे बघून हसला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"काका, जपा हं," तो म्हणाला.

नोकरी गेलेला माणूस एवढा खूश कसा, याचं काकांना जरा नवल वाटलं. पण ते सेक्रेटरी झाले होते, नवल करायला वेळ नव्हता.

त्यांनी कामं वाटली. लिफ्ट दिली खालच्या मजल्यावरच्या दातवाल्या डॉक्टरांना. "रोज लोकांच्या तोंडात यंत्रं घालतोस, तुला लिफ्टचं काय कठीण?" डॉक्टर त्यांचे जिवलग मित्र. दोघं रोज संध्याकाळी काकांकडे बुद्धिबळ खेळत. बँकवाल्या ताईंनी बाग घेतली. पाण्याचा पंप गाण्याच्या बाईंनी मागून घेतला. टाकी भरली की आवाज कसा बदलतो ते आपल्याला घरबसल्या कळतं, म्हणाल्या.

पुढचा महिना कसा गेला ते काकांनाच ठाऊक. डॉक्टरांनी दुरुस्त करून घेतलेली लिफ्ट कुठलंही बटण दाबा, आधी डॉक्टरांच्या मजल्यावर थांबायची, दार उघडायची आणि दातदुखी असलेलं कुणी आहे का याची वाट बघत उभी राहायची. ताईंच्या इलेक्ट्रिशियनने बागेच्या फवाऱ्याची वायर कशी कोण जाणे, पण गेटच्या वायरला जोडली. गेट उघडलं की फवारा सुरू. ऑफिसला निघालेली माणसं इस्त्रीचे कपडे घालून बाहेर पडत आणि आंघोळ करून कामावर पोचत. गाण्याच्या बाईंचा कान खरंच तयार होता, पण शिकवणीच्या वेळी पोरी जोरात गात. त्या गात, टाकी वाहात असे, आणि दोन्हींचे सूर म्हणे जुळत.

बरं, तक्रार करायची कुणाकडे? लिफ्टबद्दल बोलावं तर डॉक्टर विचारत, "आणि तुमच्या फवाऱ्याचं काय?" ज्याच्या-त्याच्या हाती काही ना काही होतं, म्हणून ज्याचं-त्याचं तोंड बंद. मग सगळे येत काकांकडे. जेवताना येत, झोपेत येत. एकदा तर काका अंगाला साबण लावून उभे आणि दारात वरच्या मजल्यावरचा पैलवान. पैलवान हे नुसतं नाव, फुंकर मारली तर उडेल असा माणूस. हातात नळ.

"काका, हा निघाला."

"अरे, मग पाणी?"

"ते येतंय ना. म्हणून तर आलो."

पण या सगळ्याचं काकांना फारसं काही नव्हतं. त्यांना लागलं ते वेगळंच. डॉक्टर यायचे बंद झाले.

भानगड होती डॉक्टरांच्या छताची. काकांच्या बाथरूमखाली, डॉक्टरांच्या पलंगाच्या बरोब्बर वर, ओलीचा डाग होता. आधी बशीएवढा. पूर्वी दोघं पटापुढे बसून त्यावरून कंपनीचा उद्धार करत. डॉक्टर घोडा उचलत म्हणत, "हलकट आहेत लेकाचे." काका चहा ढवळत म्हणत, "नालायक!" संध्याकाळ कशी सोन्यासारखी जाई. आता कंपनी म्हणजे स्वतः काकाच. आणि काकांना बाथरूम फोडायचं नव्हतं, कारण तिथल्या निळ्या फरश्या मोठ्या हौसेने बसवलेल्या. "पाणी माझ्याकडचं नाही, भिंतीतल्या पाइपाचं आहे," असं ते म्हणत राहिले.

शेवटी एका संध्याकाळी डॉक्टर डाव अर्धा टाकून उठले.

"अरे, चाल तुझी आहे," काका म्हणाले.

"बसून करू काय? तुझ्याच घरात, तुझाच चहा पिऊन तुला शिव्या देऊ? ते काही मला जमायचं नाही." दाराशी जाऊन डॉक्टर वळले. "आणि ऐक. डागाचा हत्ती झालाय. आता सोंड फुटतेय."

काकांनी तो पट तसाच ठेवला. वर टॉवेल झाकला. काकू पुसायला गेल्या की ओरडत, "हात लावू नकोस! त्याची चाल आहे!" रोज संध्याकाळी टॉवेल उचलून बघत, जणू घोडा आपणहून हलणार होता.

तोड काढली ती काकूंनी, आणि तीही वैतागून. काकूंची सारी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेलेली. त्यांना दोन आवाज होते. एक घरचा, कांदा चिरताना वापरायचा. दुसरा नोकरीतला, लोण्यात बुडवून काढलेला. एका दुपारी ताट वाढलेलं असताना फोन वाजला तेव्हा काकूंनी उचलला आणि तो दुसरा आवाज लावला. "आपला फोन आमच्यासाठी अत्यंत मोलाचा आहे. कृपया प्रतीक्षा करा." रिसीव्हर बाजूला ठेवून त्या शांतपणे जेवल्या. हात धुऊन परत कानाला लावला, तर पलीकडे पैलवान.

"अहो बाई, ताटकळत ठेवता? काय माणसं आहात की कोण?" त्याने मनसोक्त झोडून काढलं आणि शेवटी "हां!" करून एवढ्या समाधानाने फोन ठेवला, की काकू कांदा चिरायचा आवाज विसरून म्हणाल्या, "अहो, याला नळ नकोय. याला भांडायला कुणीतरी हवंय."

दुसऱ्या दिवशी नोटीस लागली. फक्त तक्रारींसाठी एक नामांकित कंपनी नेमली आहे, पहिलं वर्ष चाचणी म्हणून फुकट, खालील नंबरवर फोन करावा. नंबर काकूंच्या स्वयंपाकघरातल्या जुन्या मोबाइलचा.

आणि काय सांगावं, सोसायटीत जीव आला! जिन्यात माणसं थांबून पुन्हा एकमेकांशी बोलू लागली. "काय ती बाई! नुसती गोड गोड बोलते, काम शून्य!" कंपनी नालायक आहे यावर सगळ्यांचं एकमत झालं आणि मग लोक चिडून आपली कामं आपणच करू लागले. "यांच्या भरवशावर बसले तर म्हातारी होईन," म्हणत ताईंनी फवाऱ्याची वायर तोडली. पैलवानाने नळ बसवला, कंपनीच्या नाकावर टिच्चून.

आणि डॉक्टर आले. बसले, टॉवेल उचलला, घोडा हलवला.

"काय रे ही तुझी कंपनी! पार भिकार."

"नालायक!" काका म्हणाले.

"आत्ता तुझ्यासमोर लावतो फोन. मजा बघ."

काका चटकन उठले. "कशाला उगाच? चाल तर कर!" पण तोवर डॉक्टरांनी नंबर फिरवला होता.

स्वयंपाकघरात मोबाइल वाजला. काकांच्या तोंडचं पाणी पळालं. "नमस्कार, आपली काय सेवा करू?" लोण्यातला आवाज डॉक्टरांच्या एका कानात फोनमधून शिरला आणि दुसऱ्या कानात ओट्यापासून. तेवढ्यात कुकरने शिट्टी दिली. तीही दोन्हीकडून.

डॉक्टरांनी फोन कानापासून लांब धरला. स्वयंपाकघराकडे पाहिलं. मग काकांकडे. काका पटावरच्या वजिराकडे असे टक लावून बसले होते, जणू तोच आता वाचवील.

डॉक्टरांनी फोन परत कानाला लावला.

"तक्रार आहे," ते सावकाश म्हणाले, शब्द न् शब्द काकांना ऐकू जाईल असे. "आमच्या वर एक गृहस्थ राहतात. माणूस लाखाचा, पण हट्टी. चार फरश्यांसाठी मला हत्तीखाली झोपवतो. मला त्याच्याशी भांडायचं नाहीये हो, बाई. भांडलो तर संध्याकाळी जाऊ कुठे? शिवाय खेळताना चाल मागे घेतो. तेही लिहा."

आत गॅस बंद केल्याचा खटका झाला. मग तोच लोण्यातला आवाज आला, जरा थरथरता. "तक्रार नोंदवली आहे. संबंधित गृहस्थांना जेवायच्या आधी फैलावर घेतलं जाईल."

दुसऱ्याच दिवशी काकांच्या बाथरूममध्ये हातोडा पडला. फरश्या फोडल्यावर खाली पाइप सापडला. तो काकांचाच होता. प्लंबर काही बोलायच्या आत काका म्हणाले, "नोंद घेतलीये."

पण सुख फार टिकेना. पुढच्या मीटिंगला पैलवान उभा राहिला. "ही कंपनी काही कामाची नाही! सगळं आपणच करतोय! हाकला यांना, कारभार आपण आपल्या हातात घेऊ!" टाळ्यांनी हॉल दणाणला. "ठरावकाका, मांडा ठराव!"

काका उठले. आयुष्यात पहिल्यांदा तोंडातून ठराव निघेना. त्यांना साबण दिसला, नळ दिसला, टॉवेल झाकलेला पट दिसला.

तेव्हा मागून डॉक्टर उठले. "माझा विरोध आहे. माझं छत या कंपनीने एका फोनवर करून दिलं. चुकतात, मान्य. पण एवढ्या शिव्या इतक्या गोड आवाजात ऐकून घेणारी दुसरी कंपनी मला दाखवा."

हॉलमध्ये कुजबुज झाली. शिव्यांचा मुद्दा लोकांना पटला. कंपनीला मुदतवाढ मिळाली. फक्त शेवटच्या रांगेतून काकूंनी घरच्या आवाजात विचारलं, "दुपारी एक ते चार फोन बंद ठेवायची कंपनीची अट आहे, म्हणे. चालेल ना?" तीही पास झाली.

संध्याकाळी काकांनी उंट पुढे सरकवला, डॉक्टरांचा चेहरा पाहिला आणि हळूच परत मागे घेतला.

डॉक्टरांनी खिशातून मोबाइल काढून पटाशेजारी ठेवला.

"ठेव तो पुढे सरकवला होतास तिथेच," ते म्हणाले. "नाहीतर लावतो कंपनीला फोन."