कामाचं बोट

हातमोजे जोडीनेच विकतात, ही माझी पहिली अडचण. मला फक्त उजवा हवा होता. डाव्या हाताचा जाड चामडी मोजा माझ्याकडे होताच, कारण रायफलचा सगळा भार त्या हातावर असतो. प्रश्न उजव्याचा. उजवा हात रायफल धरतो आणि त्याचं अंगठ्याशेजारचं बोट ट्रिगरवर असतं. सगळी नेमबाजी शेवटी त्या बोटाच्या पेरावर येऊन ठेपते. ते गारठलं तर ट्रिगर दाबला की नुसता शिवला ते कळत नाही, आणि त्यावर लोकर असली तरीही कळत नाही. म्हणजे मला हात उबदार ठेवणारा, पण ते एक बोट उघडं सोडणारा मोजा हवा होता. घरात हे मी ज्याला ज्याला सांगितलं त्याने ते अर्धंच ऐकलं. उबदारपर्यंत.

घाई होती, कारण क्लबच्या संघाची निवड भर थंडीत, उघड्या रेंजवर होणार होती. रेंजला डोक्यावर पत्रा आहे, समोर काहीच नाही. वारा थेट आपल्याच चौकशीला येतो. संघात चौघं. तीन जागा ठरलेल्या होत्या. चौथी बाळंतपणाआधी माझी होती, आणि आता ती क्लबमधल्या दंतवैद्य बाईंची, असं सगळे धरून चालले होते. त्या स्वतःही. मला ती परत हवी होती. का, असं नवऱ्याने एकदा विचारलं तेव्हा मी लेकीला भरवत होते, त्यामुळे नीट सांगता आलं नाही. आठवड्यातले ते दोन तास मी कुणाची तरी आई नसते आणि पन्नास मीटरवरचा तो काळा गोल रडत नाही, एवढंच खरं तर सांगायचं होतं.

आमचे प्रशिक्षक मेजर. ते सैन्यात कधीच नव्हते, त्यांचा छापखाना आहे. पण मिशा तशा आहेत. मोज्यांचं ऐकून ते म्हणाले की मोजे माळ्यांनी घालावेत. स्वतः ते रेंजवर शेगडीला चिकटून उभे असतात.

नवऱ्याने मात्र विषय मनावर घेतला. तो कुठलीही वस्तू घेण्याआधी तिच्यावर लोकांनी लिहिलेलं सगळं वाचतो, त्यामुळे आमच्याकडे वस्तू येतात तेव्हा त्यांची गरज संपलेली असते. या वेळी त्याने तीन जोड्या मागवल्या आणि एकेक हात फ्रीजरमध्ये वाटाण्याच्या पिशवीशेजारी ठेवून उभा राहिला. मी दूध तापवायला आत गेले तर म्हणाला, "याच्यात काही जाणवत नाही." मी म्हटलं, तीच तर अडचण आहे.

माझी स्वतःची परीक्षा वेगळी होती. लेकीच्या झबल्याला खाली तीन टिचबटणं आहेत, मसुराएवढी. मोजा घालून ती लावता आली तर त्या मोज्यात ट्रिगर कळेल, असा माझा हिशेब. लेक दहा महिन्यांची. ती बटणं लावून घेताना उलटी होऊन पळते, म्हणजे वाऱ्याचाही सराव होतो. नवऱ्याचे तिन्ही मोजे पहिल्याच बटणाला नापास झाले. रायफल क्लबच्या कपाटात कुलूपबंद असते, म्हणून घरी मी छत्री घेऊन पालथी पडून सराव करायची. मी पालथी पडले की लेक पाठीवर चढायची. आई आडवी झाली म्हणजे घोडा झाली, हे तिने केव्हाच ठरवून टाकलं होतं.

आणि मग सासूबाईंनी मोजे विणले. मागितले नव्हते. त्या बोलून मदत करत नाहीत. एक दिवस टेबलावर वस्तू असते आणि आपण ऋणी असतो. करड्या लोकरीचे, मनगटाशी घट्ट, तळव्याला दुहेरी वीण. घालून पाहिले तर हात घरी आल्यासारखा वाटला. चार बोटं आणि तळवा अगदी हवे तसे. पाचवं बोटही तितकंच गुबगुबीत. बटण काही लागेना.

मी दोन दिवस त्या मोज्याकडे पाहिलं. मग लेक झोपलेली, सासूबाई बाहेर गेलेल्या, असं बघून कात्री घेतली आणि उजव्या मोज्याचं ते बोट मधल्या पेरापासून उडवलं. वीण उसवू नये म्हणून काठाला टाके घातले, माझ्या मते सुबक. तिन्ही बटणं लागली. कापलेला तुकडा कुठे टाकावा हे सुचेना, म्हणून तो खेळण्यांच्या टोपलीत टाकला. लेकीने तो लगेच तोंडात घातला. म्हटलं, बरं झालं, कुणी विचारलंच तर साक्षीदार नाही, आरोपीच तयार आहे.

सासूबाईंना ते केव्हा दिसलं, मला माहीत नाही. निवडीच्या दिवशी सकाळी मी मोजे न बघताच पिशवीत कोंबले, कारण एका हातात लेक होती आणि तिच्या हातात माझ्या बुटाची नाडी. रेंजवर चटई पसरली, पालथी पडले, पिशवीतून उजवा मोजा काढला आणि बघतच राहिले. बोट परत उगवलं होतं. करडी लोकर संपली असावी, कारण ते पिवळंधमक होतं, लेकीच्या टोपीच्या लोकरीचं. माझे सुबक टाके उसवून टाकलेले, आणि वीण अशी की कुठे जोडलंय ते पिवळं नसतं तर कळलंच नसतं.

मेजर वाकून म्हणाले, "हे काय?"

"सासूबाई," मी म्हटलं.

त्यांनी मिशीवरून हात फिरवला आणि पुढे गेले. त्यांनाही सासू होती.

सरावाची पहिली गोळी पिवळ्या बोटाने मारली. ट्रिगर केव्हा सुटला ते रायफललाच ठाऊक. गोळी कागदाच्या काठाला जाऊन बसली. मोजा काढून ठेवला. उघड्या हाताने पहिल्या दहा उत्तम गेल्या, मला वाटलं उगाचच महिनाभर मोज्यांचा घोळ घातला. पुढच्या दहात बोट लाकडाचं झालं. काळा गोल दिसत होता, श्वास जागेवर होता, पण बोट कुणा दुसऱ्याचं. दोन गोळ्या बाहेर गेल्या. घड्याळ चालू होतं.

मी मोजा पुन्हा चढवला आणि पिवळ्या लोकरीचं टोक शोधायला लागले. पण सासूबाईंनी आत दडवलेलं टोक सापडेल तर शपथ. कात्री घरी. शेवटी बोट तोंडात घातलं आणि दाताने तोडायला लागले. शेजारच्या चटईवर दंतवैद्य बाई होत्या, हातात रेशमासारखे पातळ, महागडे मोजे. त्यांनी दुर्बिणीवरून नजर काढून माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांच्यातला धंदा स्पर्धेपेक्षा मोठा ठरला.

"दाताने नका ओढू," त्या हळूच म्हणाल्या. "पुढचा दात आधीच झिजलाय तुमचा."

मी पिवळी लोकर थुंकली आणि त्यांना मान डोलावली. धागा सुटला तो सुटतच गेला. उरलेल्या सगळ्या गोळ्या मी मनगटावरून लोंबणाऱ्या पिवळ्या धाग्यासकट मारल्या. बोट उघडं, बाकी हात उबेत. काळा गोल पुन्हा माझ्याशी बोलायला लागला.

जागा मिळाली, अगदी निसटती. दंतवैद्य बाईंच्या पातळ मोज्यांनी शेवटच्या दहात हात टेकले होते. त्यांनी माझं अभिनंदन केलं आणि दात दाखवून जायला सांगितलं, दोन्ही मनापासून.

घरी सासूबाई लेकीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मी जागा मिळाल्याचं सांगितलं. त्यांनी लेकीचे दोन्ही हात धरून टाळ्या वाजवल्या आणि मग मोज्याकडे पाहिलं. पिवळा धागा, चावलेला काठ. मी म्हणायला सुरुवात केली की बाळाने बहुतेक...

"तिला दोनच दात आहेत," सासूबाई म्हणाल्या, "आणि दोन्ही खालचे. कात्रीने कापलेलं मला कळत नाही होय?"

मी विचारलं, कळलं होतं तर बोट परत का विणलं?

त्या माझ्याकडे अशा बघायला लागल्या की जणू मी लेकीला थंडीत टोपीशिवाय नेते म्हटलं. "अगं, ज्या चार बोटांना काही काम नाही ती झाकायची, आणि जे कामाचं तेच उघडं टाकायचं? हे कुठलं शहाणपण?"

याला माझ्याकडे उत्तर होतं. ट्रिगर, पेर, दाब, सगळं. पण त्यांचं म्हणणं माझ्यापेक्षा आधीचं होतं. मी लेकीला घेतलं, त्यांच्या शेजारी बसले आणि तिची टिचबटणं उघडून त्यांना म्हटलं, आई, मोजा घाला आणि ही लावून बघा. त्यांनी डावा घातला, कारण तोच पुरा होता. लेक उलटी झाली. एक बटण लागेना. त्या हट्टाने बसल्या. बऱ्याच वेळाने त्यांनी मोजा काढला आणि उघड्या बोटांनी तिन्ही बटणं पटापट लावली.

"बाकीचा वेळ काय करतेस त्या बोटाचं?" त्यांनी विचारलं. "दोन गोळ्यांच्या मधे?"

"काही नाही. गारठतं."

त्यांनी विणकामाच्या टोपलीतून पिवळी लोकर काढली. माझं बोट हातात घेतलं, लेकीच्या डोक्याचं माप घेतलं होतं तसा धागा त्याभोवती गुंडाळला, आणि गाठ मारून तोडला. म्हणाल्या, टोपीसारखं करते, घालायचं-काढायचं, दोरीने मनगटाला बांधलेलं. आणि दाताला लावलंस तर याद राख.

मग त्यांनीच विचारलं, डाव्या हाताचं काय?

डावे, मी म्हटलं, आपल्याकडे पाच आहेत.