मिसेस कनीलींची बाटली

१९६७ साली ब्रिस्टलच्या एका हॉस्पिटलात शुलामीथ नर्स होती. वॉर्डात शिळं पाणी दिसलं की तिचं डोकं फिरायचं. त्या सकाळी तिने मिसेस कनीलींच्या उशाशी ठेवलेली बाटली सिंकमध्ये रिकामी केली.

"कोश्रिका!" आयरिश म्हातारी आपल्या भाषेत कळवळली. मग इंग्रजीत म्हणाली, "फादरनं पवित्र करून दिलेलं पाणी होतं गं ते!"

शुलामीथच्या काळजात चर्र झालं. दाराच्या चौकटीवरच्या मझुझाला, म्हणजे पवित्र वचनांच्या डबीला, हात लावून बोटं ओठांशी नेल्याशिवाय ती घराबाहेर पडत नसे. ड्युटी संपताच बाटली घेऊन ती तडक चर्चमध्ये गेली.

"कॅथलिक आहेस?" फादरने विचारलं.

"नाही, ज्यू. पण पाणी मी ओतलंय, तेव्हा भरून नेणारही मीच."

भरलेली बाटली घेऊन ती वॉर्डात परतली. सगळी हकिकत ऐकून म्हातारीने त्या पाण्यात बोट बुडवलं, शुलामीथच्या कपाळापर्यंत नेलं आणि ती थबकली. बोट चादरीला पुसून तिने कोरडा हात शुलामीथच्या डोक्यावर ठेवला.

"बॅनीहा," ती म्हणाली. "म्हणजे आशीर्वाद मिळालेली. ह्याला फादर लागत नाही."