उजव्या बाजूने सांगा

मित्रांनो, मी एक जुनी पितळी शिट्टी आहे. एका कारखान्याच्या मुकादमांनी मला छत्तीस वर्षं गळ्यात बाळगलं. मी वाजले की शंभर माणसं हातातलं काम सोडून थांबत. त्याच छत्तीस वर्षांत यंत्रांच्या खडखडाटाने मुकादमांचा डावा कान खाल्ला. निवृत्तीच्या दिवशी त्यांना घड्याळ मिळालं आणि मला खणातला कोपरा.

मग शाळेसमोर मुलांना रस्ता ओलांडून द्यायला स्वयंसेवक हवे झाले. 'साठीपुढच्यांनी जरूर यावे', असं पाटीवर लिहिलं होतं. अर्जात वय, रक्तगट, छंद, सगळं विचारलं होतं. कानांबद्दल ओळ नव्हती. मुकादमांनी छंदात 'उभे राहणे' लिहिलं आणि त्यांची निवड झाली.

"शाळेत कानाचं सांगून टाका," त्यांची बायको म्हणाली.

"सांगितलं की घरी बसवतील. मग दिवसभर तुझं ऐकायचं."

"आत्ता तरी कुठं ऐकता? अर्धंच."

पण मुकादम कच्चे नव्हते. शाळेच्या दोन फाटकांपैकी त्यांनी एकेरी रस्त्यावरचं मागून घेतलं. वाहनं फक्त उजवीकडून येत. डावीकडे गोदामाच्या भिंतीआड आंधळं वळण होतं, पण तिकडून चिटपाखरू येत नसे. दोन वर्षं मी पुन्हा वाजले. इथे मी वाजले की मुलं निघत. ती त्यांना 'शिट्टीआजोबा' म्हणू लागली आणि मुकादमांची कंबर आपोआप सरळ झाली.

काल शाळा सुटल्यावर मुख्याध्यापिका त्यांच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. डावीकडे.

"आजोबा, सोमवारपासून रस्ता दुहेरी होतोय. वळणावरून ट्रकही येतील. जमेल ना?"

डावीकडून आलेल्या प्रत्येक बोलण्याला मुकादम हसून मान डोलावतात. तशीच डोलावली.

"तुम्ही आहात म्हणून आम्ही निर्धास्त," म्हणत बाई गेल्या. थोड्या वेळाने दोन कामगारांनी वळणावरचा 'प्रवेश बंद'चा फलक उतरवून भिंतीला पालथा टेकवला. मुकादम तेव्हा सवयीने उजवीकडे बघत होते.

आज रविवार. मी खिळ्याला टांगलेली आहे. मुकादम उद्याच्या सदऱ्याला इस्त्री करताहेत. खुशीत आहेत.

मित्रांनो, म्हाताऱ्या माणसांना काम जरूर द्या, पण अर्जात एक ओळ जास्त ठेवा. आणि ती खरी भरणाऱ्याला घरी बसवू नका, जोडीला कुणीतरी द्या. माझ्यात आवाज आहे, श्वास नाही. म्हणून उद्या जो आधी पोचेल, त्याने त्यांना रस्त्याचं सांगावं. उजव्या बाजूने सांगा. डावीकडून सांगितलंत तर ते हसून मान डोलावतील आणि मला ओठांना लावतील.

आणि मी वाजले की तुम्ही निघता.